समोरचीचं तोंड

९ जानेवारी

किळस. दुसरा शब्द सापडत नाही. देवाच्या दारात आल्यावर बाईच्या मनात काहीतरी बरं यावं की नाही? माझ्या मनात सकाळपासून हेच.

इथल्या प्रार्थनेची तऱ्हा अशी. दालनात दोन लांब बाकं, समोरासमोर. या बाकावरच्या सगळ्याजणी एक ओळ म्हणणार, त्या बाकावरच्या तिचं उत्तर देणार. प्रत्येक ओळीच्या मधोमध एक थांबा. सगळ्या चिडीचूप. मग उरलेली अर्धी ओळ. आणि प्रत्येकीला एक ‘समोरची’ असते, ती जन्माची. आपली ओळ तिला म्हणायची, उत्तर तिनं आपल्याला द्यायचं. लग्नात निदान नवरा दाखवतात तरी. इथं जागा रिकामी दिसली की बसवलं.

माझी समोरची म्हणजे या मठातली सगळ्यात म्हातारी. तिची आधीची जोडीदारीण गेल्या वर्षी वारली, त्या जागेवर मी. म्हातारी ठार बहिरी. तोंडात दात नाहीत, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळते ती थेट मांडीवर. हनुवटीला सकाळच्या भाताचं शीत. बाकीच्या सगळ्या नियमाप्रमाणे खाली मान घालतात. ही मात्र टक लावून माझ्या तोंडाकडे बघते, मांजर ताटाकडे बघतं तशी. मी म्हणते, ‘मी वाट चुकले आहे’, थांबा, ‘मला हाक दे.’ ती म्हणते, ‘हाक दिली आहे’, थांबा, ‘तू ऐक.’ बहिरी मला सांगते, तू ऐक! आणि ‘ऐक’ म्हणताना जो फवारा उडतो तो बघून मला मळमळतं.

एवढ्यासाठी मी चालतं दुकान सोडून आले का?

१३ जानेवारी

दुकानाबद्दल लिहून ठेवते, म्हणजे पुढेमागे माझं मलाच कळेल. आमची लाँड्री. यांनी आणि मी मिळून उभी केली, मग मुलगा आला, मग सून आली. हे गेले आणि सून गल्ल्यावर बसली. कानामागून आली आणि तिखट झाली. एक दिवस शब्दाला शब्द वाढला आणि मी म्हणाले, “मी चालले मठात.” उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ती म्हणाली, “सावकाश जा.” मग काय, यावंच लागलं.

पण ते सगळं खरं नाही. हे गेले तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लोक येत होते, मिठ्या मारत होते, मी त्यांच्या कपड्यांवरचे डाग बघत होते. देवाला हात जोडावेत म्हटलं तर ते दोन कोरडे हात नुसते एकमेकांना लागून राहिले. वाटलं, जिथं लोक आयुष्यभर हेच करतात तिथं जाऊन शिकावं. लाँड्रीचं काम नाही का शिकावं लागत.

शिकायला आले आणि काय बघते? एक डुलक्या काढते. दुसरी शेजारणीपेक्षा वरचा सूर लावायला धडपडते. तिसरी पोटाचा आवाज लपवायला खोकते. आणि वरून सगळ्यांच्या चेहऱ्यावर असा भाव, की देव आत्ताच यांच्याकडे चहा पिऊन गेला. वरून कीर्तन, आतून तमाशा.

१७ जानेवारी

आज थोरल्याबाईंना विचारलंच. थोरल्याबाई म्हणजे इथल्या प्रमुख. उंच, काटकुळ्या, वाकतात तेसुद्धा पट्टीनं मोजल्यासारख्या.

“थोरल्याबाई, त्या ओळीच्या मधे थांबतो ते कशासाठी?”

“नियम आहे.”

“नियम कशासाठी आहे?”

“पाळण्यासाठी.”

मी म्हटलं, “राग मानू नका, पण मनात काही नसताना तेच ते शब्द रोज म्हणायचे, याला प्रार्थना म्हणायचं की घोकंपट्टी?”

त्या म्हणाल्या, “मनात भाव येईपर्यंत थांबलात, तर तोंड उघडायचा दिवस उजाडणार नाही.”

“आणि भाव नसताना उघडलं तर ती जाहिरात झाली.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. “तुमची नजर फार भिरभिरते,” म्हणाल्या. “पुस्तकात ठेवा.” झालं उत्तर! जाताना बघितलं तर बाईंच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या आणि बोटं लालबुंद, सालपटं निघालेली. दुसऱ्यांना वाकायचं शिकवतात, स्वतःला हात कोरडे करायची शिस्त नाही.

२२ जानेवारी

मला धुणंघर दिलं. म्हणजे दुकानातून उठले आणि दुकानातच बसले. पण हे काम मला कळतं, त्यामुळे दिवस बरा जातो.

एक गोष्ट मात्र डोक्यात जाते. समोरचीच्या चादरी. रात्री तिचा ताबा राहत नाही, ते आपण समजू शकतो. पण त्या चादरी माझ्याकडे येतात त्या कुणीतरी आधीच खळबळून, पिळून. आणि तेही कढत पाण्यात! अशा डागावर कढत पाणी टाकलं की तो जन्मभर बसला. काय अक्कल म्हणायची! औषधवालीला विचारलं. औषधवाली म्हणजे इथली आजारी माणसांचं बघणारी. “मी नाही बाई,” म्हणाली, “मी पहाटे उठायच्या आत त्या बदललेल्या असतात.” म्हणजे कुणीतरी चोरून करतंय, आणि तेही चुकीचं. इथं चांगलं कामसुद्धा धड कुणाला करता येत नाही.

२ फेब्रुवारी

शेवटी उपाय सापडला. आज प्रार्थनेच्या वेळी पुस्तक उघडलं आणि सरळ तोंडासमोर धरलं. भिंतच! लाळ नाही, शीत नाही, ते टक लावून बघणं नाही. 

संध्याकाळी थोरल्याबाई मुद्दाम जवळ आल्या. “नजर आवरलीत. छान.” आयुष्यात पहिल्यांदा या बाईचं कौतुक मिळालं, ते कशाबद्दल? तोंड लपवल्याबद्दल. हसू आलं.

५ फेब्रुवारी

समोरचीचं डोकं फिरायला लागलंय. काल ती आमच्या बाकाची ओळ चालू असताना मधेच उत्तर द्यायला लागली. आज तर चुकीच्याच प्रार्थनेचं उत्तर. सकाळची ओळ आणि रात्रीचं उत्तर. सगळ्या म्हणत होत्या एक, आणि हिचा फाटका आवाज त्यावरून घोड्यासारखा उधळत होता, “जागाच आहे मी, झोप तू निवांत.” पलीकडची एक खुदकन हसली. म्हातारी बावरून गप्प झाली.

हे फळ म्हणायचं जन्मभराच्या प्रार्थनेचं. शब्द आतपर्यंत पोचले असते तर असे गळून पडले असते का? पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

९ फेब्रुवारी

आज जे बघितलं त्याचा राग अजून उतरलेला नाही.

चादरी द्यायला आजाऱ्यांच्या खोलीत गेले. औषधवाली म्हातारीला मऊ भात भरवत होती. घंटा झाली. हिनं चमचा तसाच वाटीत टाकला, पदर सारखा केला आणि निघाली. म्हातारी तोंड उघडं ठेवून बसलेली. पुढचा घास येईल म्हणून.

मी म्हटलं, “अहो, दोन घास राहिलेत!”

“घंटा झाली,” ती म्हणाली, “घंटा झाली की हातातलं टाकायचं.”

“तुमचा देव पाच मिनिटं थांबणार नाही का?”

“थांबेल, पण नियम थांबत नाही.” असं म्हणाली! लाज नाही वाटली. मी उरलेला भात भरवला. कसाबसा. मान दुसरीकडे करून भरवला, कारण बघवत नव्हतं. चमचा दोनदा नाकाला लागला. उशिरा गेले म्हणून सगळ्यांसमोर उभं राहावं लागलं. राहिले. पण मनात म्हटलं, हे देवाचं घर असेल तर देव भाड्यानं दुसरीकडे राहत असणार.

१५ फेब्रुवारी

सारखं उभं धरून माझ्या पुस्तकाचा कणा उसवला. आज ते शिवायला दिलं. सगळं पोपटासारखं पाठ झालंय, त्यामुळे अडलं काहीच नाही. (पाठ झालंय, याचीही किळसच.) पण भिंत गेली. पुन्हा ते तोंड, पुन्हा ती लाळ.

म्हातारीनं मात्र आज कमाल केली. एक ओळ चुकली नाही. एक थांबा चुकला नाही. उत्तरं अशी ठणठणीत, की पलीकडची खुदकनवालीसुद्धा वर बघायला लागली. माझ्याकडे बघून हसली म्हातारी, सगळ्या हिरड्या दाखवून. औषधवालीनं परवापासून तिला नवीन गोळी चालू केली आहे, तिचा गुण असणार. म्हणजे प्रार्थनेनं जे जमलं नाही ते गोळीनं केलं. लिहून ठेवते.

१८ फेब्रुवारी

पुस्तक शिवून आलं. हायसं वाटलं.

गोळीचा गुण मात्र दोन दिवसांतच ओसरला. आज म्हातारी मधेच उठून उभी राहिली आणि आमच्या बाकाकडे हात पसरून ओरडली, “कुठं आहेस? अगं, कुठं गेलीस?” सगळं दालन थांबलं. बिचारी मेलेल्या जोडीदारणीला हाका मारत होती. थोरल्याबाईंनी तिला खाली बसवलं तर तिनं बाकावर मुठी आपटल्या. मी पुस्तकाच्या वरून बघितलं आणि परत आत शिरले. फार केविलवाणं होतं ते.

२१ फेब्रुवारी

ठरलं. म्हातारीला शहरातल्या वृद्धांच्या घरी पाठवणार. जेवणानंतर थोरल्याबाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं. म्हणाल्या, ती प्रार्थनेत घाबरते, रडते, तिला इथं त्रास होतोय. तिकडे रात्रंदिवस परिचारिका असतात.

मला राहवलं नाही. मी उभी राहिले.

“त्रास तिला होतोय की तुम्हाला? साऱ्या जगासाठी प्रार्थना करता, आणि घरातली एक म्हातारी जड झाली! ती पोर होती तेव्हा या दारातून आत आली. आता सूर चुकतो म्हणून बाहेर काढणार? दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं तुम्हाला, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. मला तुमची किळस येते.”

थोरल्याबाई कितीतरी वेळ आपल्या लाल हातांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी सगळं करून बघितलं. तिला प्रार्थनेत सूर सापडत नाही आता. आणि प्रार्थनेशिवाय तिला दुसरं घर नाही. इथं राहून रोज ते हरवायचं, हे मला बघवत नाही.”

नाटकी बाई. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं.

२३ फेब्रुवारी

सुनेला फोन केला. म्हटलं, मी परत येतेय.

“का हो आई? देवाशीसुद्धा भांडलात का?”

“देव भेटला असता तर भांडले असते.”

ती हसली. मग म्हणाली, “या. तुमची इस्त्री कुणाला जमत नाही इथं. गिऱ्हाइकं विचारतात.” बरं वाटलं, पण ते तिला कशाला सांगायचं.

थोरल्याबाईंना सांगितलं, म्हातारीला पोचवायला मी जाते, आणि तशीच पुढे घरी. त्या एवढंच म्हणाल्या, “तिची उशी बरोबर न्या. दुसऱ्या उशीवर तिला झोप येत नाही.”

२६ फेब्रुवारी

आज जे झालं ते क्रमानं लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

गाडी आजाऱ्यांना नेतात तसली होती, मागे समोरासमोर दोन बाकं. माझी ट्रंक पुढे गाडीवाल्याजवळ, पुस्तक ट्रंकेत. म्हातारीला एका बाकावर बसवलं, मी दुसऱ्यावर. थोरल्याबाई फाटकाशी उभ्या होत्या. हात हलवला नाही, नुसत्या उभ्या.

गाडी निघाली तशी म्हातारी बिथरली. दाराची कडी ओढायला लागली, नखं घासायला लागली. तोंडातून नुसता “ऊं, ऊं” आवाज. चादरीत बांधलेलं मांजर असतं ना, तशी. मी तिचे हात धरले तर मला चावायला बघते. गाडीवाला म्हणाला, “मावशी, काहीतरी करा, दार उघडलं तर पंचाईत!”

काय करणार? बहिरीची समजूत कशी घालायची? तेवढ्यात मठाची दुपारची घंटा झाली. तिला ऐकू येणं शक्य नाही, मला आली. आणि सवयीनं, शपथेवर सांगते, नुसत्या सवयीनं, माझं तोंड उघडलं.

“रात्र संपेपर्यंत,” थांबा, “जागा राहा माझ्यासाठी.”

दुपारची प्रार्थनासुद्धा नव्हती ती. तोंडाला आली ती म्हटली. म्हातारीचे हात कडीवरून खाली आले. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. त्याच तसल्या नजरेनं.

“जागाच आहे मी,” ती म्हणाली. थांबली. बरोबर तेवढीच थांबली. “झोप तू निवांत.”

मी पुढची ओळ म्हटली. तिनं पुढचं उत्तर दिलं. मी म्हटलं, “मी वाट चुकले आहे.” ती माझ्या ओठांवर नजर रोवून बसलेली, प्रत्येक अक्षर टिपत. आणि मला कळलं.

देवा रे! ती ओठ बघत होती. एवढी वर्षं ती ओठच बघत होती. आम्ही कुठल्या ओळीवर आहोत हे तिला समोरचीच्या तोंडावरून कळायचं, आणि ते तोंड मी पुस्तकामागे लपवलं. ‘कुठं गेलीस’ म्हणून ती मेलेलीला नव्हती विचारत. मला विचारत होती. मी समोर बसले होते, हाताच्या अंतरावर. आणि पुस्तकाच्या वरून बघून परत आत शिरले होते.

डाग कशाचा आहे ते आधी विचारायचं, मग पाण्यात हात घालायचा. आयुष्यभर दुकानातल्या पोरींना हेच शिकवलं मी.

‘मला हाक दे’ म्हणायचं होतं मला. तोंड उघडलं आणि हुंदका आला. मग दुसरा. हे गेल्यापासून जे आलं नव्हतं ते सगळं त्या गाडीत आलं, नाकातोंडातून, पदर भिजेपर्यंत. माझ्याच हनुवटीवरून लाळ गळत होती.

म्हातारी थांबली. अर्ध्या ओळीवर अडकले होते मी, आणि ती थांबली. घाई नाही, कंटाळा नाही, किळस नाही. माझ्या तोंडाकडे बघत बसली. बऱ्याच वेळानं माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाली, “असू दे, पोरी. थांबलेय मी. मागं राहिलेलीसाठीच असतो तो थांबा.”

मी गाडीवाल्याच्या पाठीवर थाप मारली. “गाडी फिरवा.”

“काय विसरलं का मावशी?”

“हो. फिरवा आधी.”

२७ फेब्रुवारी

थोरल्याबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, आता फटकारतील, काढतील. किंवा निदान रडतील. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, “‘नजर आवरलीत, छान,’ असं मी म्हणाले होते.”

मी उठताना एवढंच म्हटलं, “त्या चादरी आधी गार पाण्यात टाकत जा. कढत पाण्यानं डाग बसतो.”

त्या कानापर्यंत लाल झाल्या. “बरं,” म्हणाल्या.

३ मार्च

सुनेला कळवलं, एवढ्यात येत नाही. म्हणाली, “तुमचं काय एक ठरतं का आई!” मग म्हणाली, तब्येतीला जपा.

देवाबद्दल मला अजून काही कळलेलं नाही. ओळी म्हणते तेव्हा मनात भाव वगैरे येत नाही. खुदकनवाली अजून खुदकन हसते, डुलकीवाली डुलक्या काढते आणि घंटा झाली की औषधवाली अजून चमचा टाकून पळते. उरलेला भात आता मी भरवते, आणि उशीर झाला म्हणून रोज सगळ्यांसमोर उभी राहते. काल बघितलं तर माझ्या शेजारी थोरल्याबाईही उभ्या होत्या. त्यांना कशानं उशीर झाला, ते मी विचारलं नाही.

किळस म्हणाल तर अजून येते. आज सकाळी तर लाळ अशी गळत होती, की माझी ओळ मधेच तुटली. समोरची थांबली. मी आवंढा गिळला, वर बघितलं, आणि उरलेली अर्धी ओळ तिला दिसेल अशी, तोंड मोठं उघडून म्हटली.